मागच्या दारानं आलेली

१

सकाळी सहाला शिजत्या भाताचा वास मागच्या खोलीपर्यंत आला की लिगायाला जाग यायची. ओमोगावात आल्यापासून तिला गजराची गरज कधी पडलीच नाही. उठायचं, गादीची घडी कपाटात सारायची, भिंतीवरच्या क्रूसासमोर दोन मिनिटं डोळे मिटायचे आणि स्वयंपाकघरात घरमालकीण हात्सुए काकूंच्या हाताखाली जाऊन उभं राहायचं. काकू भात मोकळा करायच्या, ही वाट्या पुसून द्यायची. दीड वर्षात हा क्रम मोडला नव्हता.

लिगाया बाल्ताझार फिलिपीन्समधल्या इलोइलोची. जपानच्या डोंगरातल्या या गावात ती शाळेच्या नऊ मुलांना इंग्रजी शिकवायला आली, ती आपल्या सहा वर्षांच्या तालाला आईपाशी ठेवून. शाळा मार्चमध्ये बंद व्हायची होती. तोवर राहायचा शब्द तिनं दिला होता. मार्च आला की लेकीकडे. कॅलेंडरवर रोज एक बारीक फुली मारल्याशिवाय ती निजत नसे.

काकू पहिल्या वाफेचा भात दोन ठिकाणी काढत. एक घास पितळी वाटीत, वारलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे. दुसरं वाढप पुढच्या खोलीत, लाल लाखेच्या छोट्या चौरंगावर. भात, सार, एखादी भाजी, वर झाकणं. हे परगावी गेलेल्या माणसाचं ताट. घरचं माणूस लांब असलं की त्याच्या नावानं वाढायचं, म्हणजे ते तिकडे उपाशी राहत नाही. नंतर साराच्या वाटीचं झाकण उचलून बघायचं. आतून पाण्याचे थेंब धरलेले असले की माणूस खुशाल. गावातल्या जुन्या बायका हा नेम अजून पाळतात. काकूंचा भाचा बोटीवर असतो. ऑगस्टपासून मांडलं जाणारं हे ताट त्याचंच, असं लिगाया धरून चालली होती.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी ती खिडकी उघडायला चौरंगाजवळ वाकली आणि तिचं लक्ष जेवायच्या काड्यांकडे गेलं. काड्या ताटापुढे आडव्या ठेवतात, धरायची बाजू उजवीकडे. सगळं गाव तसंच ठेवतं. या काड्यांची धरायची बाजू डावीकडे होती.

काकू उजव्या हाताच्या. भाचाही उजव्याच हाताचा. नवीन वर्षाला तो तिच्या समोर बसून जेवला होता.

या घरात डावखुरी एकच होती.

तिनं झाकण जरा सरकवलं. भाताच्या कडेला नेहमीचं खारवलेलं आंबट फळ नव्हतं. ते कुणाला सोसत नाही, हे काकूंना चांगलं ठाऊक होतं.

"बाई, तुझं सार निवतंय हं," आतून काकूंची हाक आली.

२

बुधवारी लिगायाचा उपास असे. नित्य साहाय्य करणाऱ्या मारियामातेचा नेम तिनं धरला होता. तालाची छाती लहानपणापासून भरायची, रात्र रात्र धाप लागायची. 'लेकीची छाती मोकळी होऊ दे आणि आम्हा दोघींना एका छपराखाली आण,' एवढंच मागणं. सकाळी नुसता काळा चहा, दुपारी काही नाही, संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर जेवण.

शाळेत दुपारी मुलं पांढऱ्या टोप्या घालून सगळ्यांना वाढत. त्यांच्या आधी अर्धा तास उपमुख्याध्यापक कुराता एकटे बसून तेच जेवण चाखत. काही बिघडलेलं असेल तर पहिलं पोट त्यांचं बिघडावं, असा शाळेचा रिवाज.

"काय बाई, आज पुन्हा देवाशी अबोला?" कुराता तिची रिकामी जागा बघून म्हणाले. "मी विष चाखून अजून जिवंत आहे. आजची माशाची वडी खायला हरकत नाही."

"तुम्ही माझ्या वाटचंही चाखा, सर."

"ते तर मी दर बुधवारी करतोच. म्हणून तुमच्या नेमानं वाढतं ते माझंच पोट."

मुलं खिदळली. लिगायाही हसली, पण मन हसण्यात नव्हतं. पूर्वी बुधवारी तिसऱ्या तासाला तिचे हात थरथरायचे, फळ्यावरची अक्षरं वाकडी व्हायची. हल्ली तसं काही होत नव्हतं. भूकच लागत नव्हती. आणि आज तर पोट तुडुंब होतं, जेवून उठल्यासारखं. तिला ढेकर आला. ढेकराला रताळ्याची आणि भाजलेल्या तिळाची चव होती.

सकाळी काकूंनी रताळ्याची भाजी केली होती, वर तीळ पेरून. लिगायानं तिला बोटही लावलं नव्हतं. ती भाजी चौरंगावर होती.

वास नाकात बसला असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण दिवसभर एकच टोचणी राहिली. भूकच लागत नसेल, तर देवाला मी वाहिलं काय?

३

"काकू, पुढच्या खोलीतलं ताट कुणाचं?"

काकू घेवडा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुणाचं म्हणजे? बाईंचं."

"कुठल्या बाईंचं?"

"आता आमच्या घरात बाई आहेत तरी किती? लिगायाबाईंचं."

"पण काकू, मी तर इथंच आहे."

"आहेस की!" काकूंनी हसून तिच्याकडे पाहिलं. "म्हणून तर तुला वेगळं वाढते. तुझ्या वाटचं तिला देत नाही हो, काळजी नको."

"तिला?"

काकूंनी घेवड्याचं सूप खाली ठेवलं. "ऑगस्टात पेटी घेऊन पुढच्या दारानं निघालीस. उंबऱ्यात 'जाऊन येते' म्हणालीस. मी 'जाऊन ये' म्हटलं. खरं की खोटं?"

खरंच होतं. सात दिवसांची रजा, लेकीसाठी घेतलेल्या खोडरबरांची पिशवी, आणि विमानतळावर पोचल्यावर वादळ. विमान उडालं नाही. दुसरं मिळेपर्यंत रजाच संपली असती. संध्याकाळी ती चिखलानं भरलेली परत आली. पुढची खोली खराब नको म्हणून मागच्या दारानं आत शिरली आणि न बोलता, न जेवता झोपली. सकाळी स्वयंपाकघरात एवढंच म्हणाली होती, "विमान गेलं नाही, काकू."

"'आले मी' हे शब्द या कानांनी अजून ऐकलेले नाहीत," काकू म्हणाल्या. "तू मागच्या दारानं आलीस. आलीस तर राहा, मला तुझी अडचण नाही. पण जी पुढच्या दारानं गेलीय, तिला उपाशी कशी ठेवू?"

लिगायाला वाटलं, काकूंचं वय झालं. दुसऱ्या दिवशी तिनं कुरातांना आडून आडून विचारलं.

"विसर? हात्सुए काकूंना?" कुराता म्हणाले. "तेवीस वर्षांपूर्वी खेळांच्या दिवशी मी कुठल्या खड्ड्यात पडलो, ते त्या अजून चारचौघांत सांगतात." मग चष्मा पुसत राहिले. "त्यांचे यजमान, तोकुजीकाका, बोगद्याच्या कामाला गेले होते. बारा वर्षं ना चिठ्ठी ना निरोप. काकूंनी ताट चुकवलं नाही. आणि आले काका."

"कसे होते, आल्यावर?"

"जेवायचे चांगले."

"आणि?"

कुरातांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आमच्याकडे दारात 'आलो' म्हटलेल्या माणसाची कुणी चौकशी करत नाही, बाई."

४

रविवारी दुपारी इलोइलोला फोन. फोन उचलला की तालाचा पहिला प्रश्न ठरलेला, "आई, कधी येणार?" मग लिगाया तिला कॅलेंडरवरच्या फुल्या मोजून दाखवायची.

त्या रविवारी ताला पडलेल्या दाताबद्दल बोलली. शेजारच्या मांजरीला चार पिल्लं झाली, त्यांतलं एक आंधळं आहे, हे सांगून झालं. ठरलेला प्रश्न आला नाही. लिगाया वाट बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं की मागच्या रविवारीही तो आला नव्हता, आणि त्याच्याही मागच्या.

"ताला, तू मला काही विचारलं नाहीस."

"काय?"

"कधी येणार ते."

ताला हसली. "कशाला विचारू? तू आहेस की."

लिगायानं विचारलं, "कुठे आहे मी?"

"स्वयंपाकघरात. आजी कपडे धुवायला गेली की येतेस. सकाळी सकाळी."

तिच्या हातून नानायनं फोन घेतला. आपल्या आईला लिगाया नानायच म्हणे. "लेकरू आहे गं. एकटी पडते, मनानं काहीबाही रचते. तुझा जुना झगा खुर्चीवर टाकते आणि त्याला आई म्हणते. तू जिवाला लावून घेऊ नकोस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण तुझा नेम फळला हो. ऑगस्टपासून पोरीची छाती भरलेली नाही. एकदासुद्धा नाही."

लिगायानं फोन ठेवला आणि क्रूसासमोर गुडघे टेकले. आभार मानायचे होते. मागितलेलं मिळालं होतं. ते कुणी दिलं, एवढंच तिला कळत नव्हतं.

५

नोव्हेंबरात वर्गात रॉकेलची शेगडी आली, तिच्यावर पाण्याची किटली. गुरुवारी एका मुलीची वही उचलताना लिगायाचं डावं मनगट किटलीला चिकटलं. रुपयाएवढा डाग पडला. शाळेतच मलम लावलं, पट्टी बांधली. नानायला उगाच घोर नको, म्हणून तिनं काही कळवलं नाही. रविवारी फोनवर चेहरा दाखवताना लांब बाह्यांचा स्वेटर घातला आणि हात मांडीवर ठेवला.

"आता दुखतं का?" तालानं विचारलं.

"काय दुखतं, बाळा?"

"हात. मी फुंकर घातली ना काल?"

बाही वर सरकली असेल. पट्टी दिसली असेल. फोन ठेवल्यावर लिगायानं आरशासमोर बसून तसाच फोन धरून पाहिला. बाही बोटांपर्यंत येत होती. शिवाय, दिसलं असतं तर ते आज दिसलं असतं. काल नाही.

पुढच्या खोलीत जाऊन तिनं साराच्या वाटीचं झाकण उचललं. सकाळी वाढलेलं सार दुपारपर्यंत थंडगार झालं होतं. झाकणाला आतून दाट, टपोरे थेंब लागले होते. गरम साराला झाकलं की पाणी सुटायचंच, त्यात नवल कसलं, ती स्वतःशी म्हणाली. मग तिनं तळहात झाकणाला लावला. झाकण कोमट होतं.

६

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिनं ठरवलं, हे आता मिटवायचं. चुकलं होतं ते एवढंसंच होतं आणि सुधारणंही तेवढंच सोपं होतं. संध्याकाळी पाचला गावच्या कर्ण्यावर रोजचा सूर वाजला, तेव्हा ती मागच्या दारानं बाहेर पडली. वळचणीला वाळत घातलेल्या मुळ्यांच्या माळांखालून वाकून घराला वळसा घातला आणि पुढचं दार सरकवलं.

"आले मी!"

आतलं भांडं वाजायचं थांबलं. काकू हात पुसत आल्या, उंबऱ्याशी गुडघे टेकून बसल्या. त्यांनी आधी तिचे बूट पाहिले. मग चेहरा पाहिला, जरा जास्तच वेळ.

"आलीस?"

"आले, काकू."

"ये. दमली असशील."

लिगाया आत आली तरी काकूंनी दार लावलं नाही. दार धरून त्या तिच्या खांद्यावरून बाहेर वाटेकडे बघत राहिल्या. आणखी एका माणसाला बूट काढून आत यायला लागेल, तेवढा वेळ. मग दार सरकवलं. चौरंग धुऊन फळीवर उपडा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून लिगायाला भूक लागू लागली. आधी तिला बरं वाटलं, उपास पुन्हा उपासासारखा झाला. पण गुरुवारी जेवूनही ती शमेना. शुक्रवारी ती तीन वेळा भात घेऊन जेवली.

"अरे वा! देवाशी समेट झालेला दिसतोय," कुराता म्हणाले. त्यांनी आपल्या ताटातली वडी तिच्या ताटात ठेवली. तीही तिनं खाल्ली. पोट दगडासारखं टच्च झालं होतं आणि त्याच्या आत कुठेतरी कुणीतरी उपाशीच होतं.

७

त्या रविवारी काकू पलीकडच्या गावी एका मयताला गेल्या होत्या. सकाळपासून बर्फ पडत होतं, बस बंद झाली होती. त्या मुक्काम करूनच परतणार होत्या. फोन तालानं उचलला. लिगायाला आधी ऐकू आली ती शीळ. छाती भरली की यायची तीच.

"आजी कुठंय?"

"बाजारात." धाप. "आई रागावलीय."

"मी? नाही गं, मी कशाला रागवू?"

"तू नाही. तिला भूक लागलीय. आजीनं ठेवलेला भात सगळा संपवला, तरी लागलीय." तालानं आवाज अगदी बारीक केला. "आता नुसती माझ्याकडे बघत बसते."

लिगायाला तिला सांगायचं होतं, बाहेर जा, शेजारी जा, मांजरीच्या पिल्लांजवळ जाऊन बस. त्याआधीच ताला म्हणाली, "दाखवू तुला?" आणि फोन वळला.

खिडकीचं ऊन. टेबलावरचं निळं कापड, लहानपणापासूनचं. आडवं पडलेलं भाताचं पातेलं. आणि कडेला, चित्र जिथं संपत होतं तिथं, एक डावा हात. रिकाम्या ताटलीत त्याची बोटं हळूहळू गोल फिरत होती, शेवटची शितं पुसून घ्यावीत तशी. मनगटावर रुपयाएवढा तपकिरी डाग होता.

बोटं थांबली. हात उलटा झाला, तळवा वर, काही मागावं तसा.

फोन तुटला.

नानायनं उचलायला वीस मिनिटं लावली. "अगं, आत्ता येतेय घरी. कुणी नाही इथं. भात मांजरीनं खाल्ला असेल, देव जाणे. पण पोरीची छाती भरलीय गं, किती महिन्यांनी! वाफारा देते. तू प्रार्थना कर."

८

बर्फ थांबून, बस सुरू होऊन, विमान मिळून इलोइलोला पोचायला चार दिवस लागले असते. ताट मांडायला अर्धा तास.

लिगायानं हात धुतले. तांदूळ तीन पाण्यांतून काढले. सार केलं, रताळं तिळावर परतलं, खारवलेल्या फळाची बरणी बाजूला ठेवली. फळीवरचा चौरंग काढून पुसला. आपल्या लेकीशेजारी बसलेलं ते कोण आहे, तिला ठाऊक नव्हतं. त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता, माया तर नव्हतीच. पण ते भुकेलं होतं आणि त्याच्यासमोर तिचं लेकरू होतं. तिनं देवाच्या नैवेद्यासारखं निगुतीनं वाढलं. काड्या ठेवल्या, धरायची बाजू डावीकडे.

मग तिला आठवलं, आपण तर 'आले' म्हणून बसलो आहोत.

तिनं बूट चढवले, पुढचं दार सरकवलं आणि रिकाम्या घराकडे वळून म्हणाली, "जाऊन येते."

कुणी 'जाऊन ये' म्हणालं नाही. दार ओढून ती घराच्या कडेनं, पोटरीएवढ्या बर्फातून मागे गेली. मागच्या दारात पाऊल ठेवण्याआधी तिनं मागे पाहिलं. कोपऱ्यापर्यंत तिच्या पावलांची रांग दिसत होती. ती परत थोडी मागे गेली आणि कोपऱ्यावरून पुढच्या पायरीकडे नजर टाकली. पायरीपासून दोन रांगा निघाल्या होत्या. एक तिची, घराला वळसा घालणारी. दुसरी सरळ, फाटकातून वाटेकडे, बस थांबते तिकडे. बुटांची नक्षी तीच होती. कडा अजून ढासळत होत्या.

ती आवाज न करता आत आली. चौरंगासमोर बसली आणि साराचं झाकण उचललं. आतून थेंबच थेंब होते, एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते. तिनं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिच्या पोटातली आग निवत चालली होती.

तासाभरानं तालाचा निरोप आला, तिच्याच आवाजात, शीळ नसलेल्या. "आई जेवली. मग हसली. माझी वेणी घातली."

सोमवारी काकू परतल्या. त्यांनी चौरंग पाहिला. साराची वाटी जराशी उजवीकडे सरकवली. "इथं ठेवावी. तिला पटकन सापडते," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर लिगायानं ताट एक दिवसही चुकवलं नाही. कॅलेंडरवरची फुलीही नाही. बुधवारचा नेम चालूच आहे, पण मागणं बदललंय. मार्चमध्ये नानायच्या घराच्या पुढच्या दारात उभी राहून मी 'आले' म्हणेन, तेव्हा आतून 'ये' म्हणणारा आवाज माझ्या तालाचाच असू दे, माते. माझा नको.